विनामूल्य संगणकीय खेळांचे आकर्षण आणि मूल्य : रायगड जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार (१९९० ते २०२५)

प्रस्तावना

इंग्रजीतील 'फ्री' या एका शब्दासाठी मराठीत निदान चार शब्द आहेत : फुकट, मोफत, विनामूल्य आणि मुक्त. चारही शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरले जात असले, तरी त्यांच्या अर्थच्छटा निराळ्या आहेत. 'फुकट' या शब्दात थोडी तुच्छता आहे. 'वेळ फुकट गेला' असे म्हणताना तो 'व्यर्थ' या अर्थाने येतो. 'मोफत' म्हटले की देणारा कोणीतरी असतो, शासन, संस्था किंवा दुकानदार. 'विनामूल्य' हा सभागृहाच्या दारावरील शब्द आहे. त्यात देणाऱ्याचे सौजन्य आणि घेणाऱ्याचा मान दोन्ही राखले जातात. 'मुक्त' हा शब्द मात्र किमतीविषयी काहीच सांगत नाही, तो बंधनाविषयी बोलतो. संगणकीय खेळांचा गेल्या साडेतीन दशकांचा इतिहास पाहताना हे चार शब्द फार उपयोगी पडतात. कारण ज्याला सरसकट 'फ्री गेम' म्हटले जाते, तो प्रत्येक काळात यांपैकी वेगळ्याच अर्थाने विनामूल्य होता.

संगणकीय खेळ हा मानसशास्त्राच्या आणि व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांचा विषय मानला जातो. इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने तर तो बहुतेक वेळा तक्रारीचाच विषय असतो, आणि ती तक्रार अगदीच निराधार आहे असेही म्हणता येत नाही. तथापि एखादी वस्तू कोट्यवधी लोकांच्या हाती पैसे न देता येते, तेव्हा ती कोणी दिली, का दिली आणि तिचे मोल कोणत्या रूपाने वसूल झाले, हे प्रश्न इतिहासाच्या कक्षेत येतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार रायगड जिल्ह्याच्या, विशेषतः त्याच्या किनारपट्टीच्या संदर्भात केला आहे. मुंबईच्या समोरच्या तीरावर असूनही मुंबईच्या सोयींपासून दीर्घकाळ दूर राहिलेला हा प्रदेश आहे. संगणक येथे उशिरा आला, मोबाइल मात्र एकदम आला. त्यामुळे 'विनामूल्य' या शब्दाचे बदलते अर्थ येथे अधिक ठळकपणे दिसून येतात.

पट आणि कवड्या

संगणकापूर्वीचे बहुतेक खेळ विनामूल्यच होते, हे प्रथम लक्षात घ्यावे लागते. सागरगोटे, चिंचोके, जमिनीवर कोळशाने आखलेला पट, लगोरीसाठी कौलाचे तुकडे, अशी साधने परिसरातूनच मिळत. सारीपाट आणि पचिसी हे खेळ कापडी पटावर व कवड्यांवर खेळले जात. पचिसीचे नाव तिच्यातील पंचवीस या मोठ्या दानावरून आले आहे. (कवडी समुद्रातली असली, तरी चलनासाठी आणि खेळासाठी वापरली जाणारी कवडी प्रामुख्याने मालदीव बेटांतून व्यापारामार्गे येत असे, कोकण किनाऱ्यावर ती वेचून मिळत होती असा समज करून घेण्याचे कारण नाही.) या खेळांना कर्ता नव्हता, मालक नव्हता. नियम गावोगाव बदलत आणि ते बदलण्यासाठी कोणाची परवानगी लागत नसे. मोक्षपटाचे कर्तृत्व संत ज्ञानेश्वरांकडे देण्याची परंपरा आहे; तिला समकालीन लिखित आधार सापडत नाही. परंतु खेळाला एक कर्ता असावा अशी गरज मागाहून कशी निर्माण होते, याचे ते चांगले उदाहरण आहे.

एकोणिसाव्या शतकात या सामाईक ठेव्याला मालक मिळाले. अमेरिकेत 'पार्चीसी' हे नाव १८७४ साली व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले आणि पचिसीचेच सोपे, सहा बाजूंच्या फाशाचे रूप इंग्लंडमध्ये १८९६ साली 'लुडो' या नावाने एकस्वाधीन झाले. हाच लुडो पुढे छापील पुठ्ठ्यावर, पाठीमागे सापशिडी घेऊन, भारतीय घरांत परत आला. जो खेळ आजीच्या पटावर मुक्त होता, तो नातवंडांसाठी दुकानातून विकत आणावा लागला. संगणकीय खेळांची चर्चा करताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही, कारण लुडोला आणखी एकदा विनामूल्य व्हायचे होते.

संगणकाबरोबर आलेला पत्त्यांचा डाव

रायगड जिल्ह्यात संगणक प्रथम आले ते उद्योगांच्या आणि शासकीय कार्यालयांच्या मार्गाने. ऐंशीच्या दशकात अलिबागजवळ थळ येथे खत कारखाना उभा राहिला. १९८९ साली न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. त्याच वर्षी लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची स्थापना झाली. सामान्य माणसाच्या हाताखाली संगणक यायला मात्र नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला, आणि तो आला तेव्हा त्याच्यासोबत एक पत्त्यांचा डाव होता.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने मे १९९० मध्ये 'विंडोज ३.०' बाजारात आणले, त्यात 'सॉलिटेअर' हा खेळ अंतर्भूत होता. तो वेस चेरी या उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थ्याने १९८८ च्या सुमारास तयार केला होता आणि त्याबद्दल त्याला कोणतेही मानधन मिळाले नाही. पत्त्यांची चित्रे सुझन केअर या प्रसिद्ध रेखाटनकर्तीने काढली. १९९२ सालच्या 'विंडोज ३.१' मध्ये 'माइनस्वीपर' आला. हे खेळ करमणुकीसाठीच असले, तरी त्यांचे खरे कार्य शिकवण्याचे होते. माउस ही वस्तू त्या काळी नवी होती. पत्ता उचलून दुसऱ्या पत्त्यावर नेऊन ठेवताना हाताला माउसने 'ओढून सोडण्याची' सवय लागे. सुरुंग शोधताना डावे व उजवे बटण यांतील फरक कळे. 'फ्रीसेल' हा खेळ तर बत्तीस-बिट प्रणालीचा भाग संगणकावर नीट बसला आहे की नाही, हे तपासण्यासाठीही उपयोगी पडत असे. खेळाची किंमत संगणकाच्या किमतीत, निदान कायद्याने, समाविष्ट होती. ग्राहकाला तो 'मोफत' वाटत होता. कंपनीच्या दृष्टीने ते प्रशिक्षणाचे साधन होते.

महाराष्ट्रात या प्रशिक्षणाचा फार मोठा लाभ झाला, पण त्याची नोंद क्वचितच घेतली जाते. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत पोहोचला. शासकीय सेवेसाठी संगणक अर्हता आवश्यक ठरल्यावर पन्नाशीकडे झुकलेले लिपिक, ग्रामसेवक आणि प्राथमिक शिक्षक प्रशिक्षण केंद्रांच्या बाकांवर येऊन बसले. ज्यांचा हात आयुष्यभर टाकावर आणि टंकलेखन यंत्रावर चालला, त्यांच्यासाठी पडद्यावरचा बाण स्थिर ठेवणे हीच पहिली परीक्षा होती. अशा वेळी ओळखीचे चौकट-बदाम आणि चढत्या-उतरत्या क्रमाचा सवयीचा डाव ही मोठी सोय होती. पत्ते न खेळलेला माणूस कोकणात शोधावा लागेल. गणपतीच्या रात्रीचे जागरण तर पत्त्यांशिवाय होतच नाही. भीती मोडण्याचे जे काम पाठ्यपुस्तकातील पहिले प्रकरण करू शकले नाही, ते या डावाने केले असे म्हणण्यास जागा आहे.

याची दुसरी बाजूही होती. कार्यालयात साहेब नसताना उघडलेला सॉलिटेअर हा विनोदाचा आणि शिस्तभंगाचा विषय झाला. २००६ साली न्यूयॉर्कचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी एका कर्मचाऱ्याच्या पडद्यावर हा खेळ दिसल्यामुळे त्याला कामावरून कमी केले, ही बातमी आपल्याकडेही वाचली गेली. पुढची हकिगत अधिक बोलकी आहे. २०१२ सालच्या 'विंडोज ८' मधून हे खेळ वगळण्यात आले आणि २०१५ साली 'विंडोज १०' बरोबर सॉलिटेअर परत आला तो जाहिरातींसह. जाहिराती नको असतील तर महिन्याला वा वर्षाला शुल्क भरण्याची व्यवस्था त्यात होती. खेळ तोच, पत्ते बावन्नच. परंतु पंचवीस वर्षांत 'मोफत' या शब्दाचा अर्थ बदलला होता. पहिल्या काळात खेळ माणसाला यंत्राची ओळख करून देत होता, नंतर तो माणसाची ओळख जाहिरातदाराला करून देऊ लागला.

सीडी, सायबर कॅफे आणि भारनियमन

दोन टोकांच्या मधला काळ धावता सांगितला तरी पुरे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू झाली. पनवेल, पेण, अलिबाग, महाड अशा गावांत पुढील दहा वर्षांत सायबर कॅफे निघाले, त्यांतील अनेक जुन्या एसटीडी बूथच्याच जागेत. येथे खेळ विनामूल्य असला तरी यंत्रावरील वेळ विकत घ्यावा लागे. ताशी दर होता आणि भारनियमनाच्या दिवसांत तो तास पूर्ण मिळेलच याची शाश्वती नव्हती. विकत घेतलेल्या वेळेला मर्यादा असते. आज मोबाइलवरील खेळाबाबत पालकांना जी मर्यादा घालता येत नाही, ती त्या काळी खिशातील सुट्या पैशांनी आपोआप घातली जात होती.

ज्यांच्या घरी संगणक होता पण इंटरनेट नव्हते, त्यांच्यापर्यंत खेळ सीडीवरून आले. 'डिजिट'सारख्या मासिकांबरोबर येणाऱ्या तबकड्यांत विनामूल्य खेळ आणि मोठ्या खेळांचे नमुने असत. नमुना मोफत, पुढचा भाग सशुल्क, ही रीत १९९३ सालच्या 'डूम' या अमेरिकन खेळाने जगभर रूढ केली होती. परंतु प्रामाणिकपणे सांगायचे तर या काळातील बहुतांश खेळ चोरीच्या प्रतींतून पसरले. ज्या संगणकांवर विंडोजचीच प्रत परवान्याशिवाय होती, तेथे खेळाच्या परवान्याचा प्रश्न कोण विचारणार? मराठीतील 'फुकट' हा शब्द या काळाला नेमका लागू पडतो. त्याच वेळी एक निराळी तबकडीही भारतात फिरू लागली होती. 'पीसीक्वेस्ट' या मासिकाने १९९६ पासून आपल्या वाचकांना लिनक्सच्या सीडी दिल्या. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या मुक्त आज्ञावलीच्या चळवळीतून आलेली ही प्रणाली होती. वापरण्याचे, अभ्यासण्याचे, वाटण्याचे आणि बदलण्याचे स्वातंत्र्य हा तिचा पाया. तिच्यासोबत आलेले खेळ दिसायला साधे होते. त्यांच्याकडे फार कोणी पाहिले नाही.

खैरात-धनगरवाडा येथील प्रयोग

या साध्या खेळांना रायगड जिल्ह्यात एकदा मोठी संधी मिळाली. ती किनाऱ्यावर नव्हे, तर आतल्या भागातील खैरात-धनगरवाडा येथील जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी शाळेत. पहिली ते चौथीचे वर्ग एकत्र बसणाऱ्या, विसेक मुलांच्या या शाळेत ऑक्टोबर २००७ मध्ये 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा भारतातील पहिला पथदर्शी प्रयोग सुरू झाला.

या निवडीमागे एक वाद होता. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील निकोलस निग्रोपोंटे यांनी २००५ साली शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. २००६ साली केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ती नाकारली. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने ही कल्पना शंकास्पद आहे, शाळांना खोल्या आणि शिक्षक यांची निकड अधिक आहे, असा शिक्षण सचिवांचा अभिप्राय होता. तो चुकीचा म्हणता येणार नाही. प्रत्यक्षात यंत्राची किंमतही शंभर डॉलरवर राहिली नाही, ती जवळजवळ दुप्पट झाली. राष्ट्रीय पातळीवर दार बंद झाल्यावर उपक्रमाने लहान प्रयोगाचा मार्ग धरला आणि खैरातची शाळा जगाच्या नकाशावर आली.

मुलांच्या हाती आलेला हिरव्या-पांढऱ्या रंगाचा लॅपटॉप लिनक्सवर चालत होता. त्याचा पडदा उन्हातही वाचता येई. 'शुगर' नावाच्या त्याच्या मांडणीत 'आज्ञावली' हा शब्दच नव्हता. सर्व काही 'कृती' या नावाने येई. खेळ आणि अभ्यास यांच्यात भिंत नव्हती. 'मेमराइझ' ही कृती त्याचे उत्तम उदाहरण आहे. उलटे ठेवलेले चौकोन उघडून जोड्या जुळवायच्या, हा खेळ जगभर ठाऊक आहे. येथे मात्र मूल स्वतःच्या जोड्या तयार करू शकत होते : एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला शब्द, एका बाजूला बेरीज, दुसऱ्या बाजूला उत्तर. म्हणजे खेळणारा खेळ करणाराही होत होता. लॅपटॉपच्या कळफलकावर 'मूळ संहिता पाहा' अशी एक कळ होती. ती दाबली असता चालू असलेली कृती ज्या संगणकीय भाषेत लिहिली आहे, ती संहिता पडद्यावर यावी अशी योजना होती. धनगरवाड्यावरच्या किती मुलांनी ती कळ समजून दाबली असेल, हा प्रश्न रास्त आहे. इंग्रजी अक्षरांतील संहिता त्यांना काय सांगणार? तरीही तिचे महत्त्व कमी होत नाही. खेळ आतून उघडता येतो आणि तो उघडण्याचा अधिकार खेळणाऱ्याला आहे, हे विधान त्या एका कळेत होते. नंतर आलेल्या कोणत्याही लोकप्रिय मोबाइल खेळात ते नाही.

याच सुमारास घडलेली 'सिमसिटी'ची कथा 'विनामूल्य' आणि 'मुक्त' यांतील अंतर फार चांगल्या रीतीने दाखवते. विल राइट यांनी तयार केलेला, १९८९ साली प्रसिद्ध झालेला हा नगररचनेचा खेळ. कर बसवा, रस्ते आखा, वीजकेंद्र उभारा आणि शहर वाढते की ओस पडते ते पाहा, असे त्याचे स्वरूप. नोव्हेंबर २००७ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने तो लहान मुलांच्या या लॅपटॉपसाठी देणगी म्हणून दिला आणि जानेवारी २००८ मध्ये त्याची मूळ संहिता मुक्त परवान्याखाली खुली झाली. मात्र 'सिमसिटी' हे नाव कंपनीने स्वतःकडे राखले. त्यामुळे खुली झालेली आवृत्ती 'मायक्रोपोलिस' या नावाने ओळखली जाते. राइट यांनी आरंभी योजलेले नाव तेच होते. आता कोणालाही त्या शहरात बदल करता येतो. तत्त्वतः त्यात मांडवा आणि रेवसची जेटी बांधता येईल, खाजण बुजवले तर पूर कोठे येतो ते मुलांना दाखवता येईल. सिडकोच्या आखणीतून नवी मुंबई आकार घेताना ज्या जिल्ह्याने पाहिली, बंदरासाठी आणि विमानतळासाठी जमिनी गेलेल्या पाहिल्या, त्या जिल्ह्यातील शाळेला याहून समर्पक खेळ कोणता? ही संधी घेतली गेली नाही. परवाना होता, यंत्र होते. संहिता हाताळणारा शिक्षक आणि त्याला लागणारा निवांतपणा नव्हता. चार इयत्ता एकटा सांभाळणाऱ्या गुरुजींकडून तशी अपेक्षा करणेही अन्यायाचे होईल.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील अभ्यासकांनी पुढे या शाळेत निरीक्षणे केली. मुले यंत्राकडून जितके शिकतात त्याहून अधिक एकमेकांकडून शिकतात, हा विचार त्या कामातून पुढे आला. एकंदर उपक्रमाचे मूल्यमापन मात्र फारसे उत्साहवर्धक नाही. पेरू या देशातील तीनशेहून अधिक शाळांच्या पाहणीत, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गणित व भाषा यांच्या गुणांत लॅपटॉपमुळे वाढ झाल्याचे दिसले नाही. सामान्य आकलनक्षमतेत काही प्रमाणात प्रगती आढळली. मूळ संस्थेचा आवाकाही २०१४ पर्यंत आटला. खैरातचा प्रयोग यशस्वी की अयशस्वी, हा निवाडा करण्यापेक्षा तेथे विनामूल्य खेळाची कोणती कल्पना मांडली गेली होती, हे नोंदवणे इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. खेळ सामाईक असावा आणि तो बदलता यावा, ही सारीपाटाच्या काळातील स्थिती यंत्रावर परत आणण्याचा तो प्रयत्न होता.

लुडोचे पुनरागमन

त्यानंतर जे घडले ते अगदी निराळ्या दिशेने. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली आणि मार्च २०१७ पर्यंत डेटा विनाशुल्क राहिला. सायबर कॅफेंचे दिवस संपले. त्याच वर्षाच्या आरंभी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, नवी मुंबईतील गेमेशन टेक्नॉलॉजीज या विकास जयस्वाल यांच्या कंपनीने 'लुडो किंग' हा खेळ प्रसिद्ध केला होता. खाडीच्या पलीकडे तयार झालेला हा खेळ मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत देशभर पसरला. २०२१ च्या सुमारास त्याच्या डाउनलोडची संख्या पन्नास कोटींच्या पुढे गेल्याचे कंपनीने जाहीर केले.

त्याचे आकर्षण समजून घेणे कठीण नाही. नियम शिकावे लागत नाहीत. स्वस्त फोनवर चालतो. मुंबईतील चाकरमानी, गावातील आई-वडील आणि आखातात नोकरीला असलेला मुलगा एकाच पटावर बसू शकतात. रायगडच्या किनाऱ्यावर ज्या घरांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या बाहेरगावी कमावतात, त्यांच्यासाठी टाळेबंदीत हे सुख थोडे नव्हते. या खेळाचे मूल्य मोजताना एवढी एक बाब जरी धरली, तरी त्याला 'वेळेचा अपव्यय' म्हणून निकालात काढता येणार नाही.

परंतु सारीपाटाच्या या नव्या अवतारात पट कोणाचाच नव्हता असे नाही, तो कंपनीचा होता. उत्पन्न जाहिरातींतून आणि खेळाच्या आतील खरेदीतून येत होते. कंपनीने तसे करण्यात गैर काही नाही. यंत्रणा चालवायला पैसा लागतो. बदल घडला तो खेळणाऱ्याच्या स्थानात. कापडी पटावर दानाबद्दल भांडता येत होते, 'आमच्याकडे सहावर दोनदा टाकतात' म्हणून नियम वळवता येत होता. पडद्यावरील फासा ज्या गणिताने पडतो ते गणित पाहता येत नाही. आपल्याला मुद्दाम वाईट दान दिले जाते ही खेळणाऱ्यांची नेहमीची तक्रार बहुधा निराधारच असेल. पण ती तपासण्याचा मार्ग खेळणाऱ्याकडे नाही, हे खरे.

'विनामूल्य' खेळाला आधार देणारी इतर मूल्ये किती नाजूक आहेत, हे ३ जून २०२० रोजी दिसले. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबाग या तालुक्यांत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, मोबाइल मनोरे बंद झाले. अनेक गावांत वीज परतायला आठवडे लागले. १५ जूनपासून राज्यातील शैक्षणिक वर्ष ऑनलाइन सुरू होणार होते. ज्या फोनवर सकाळी वर्ग आणि संध्याकाळी खेळ अपेक्षित होता, तो फोन येथे चार्ज करण्यासाठी जनित्र असलेले घर शोधावे लागत होते. सुपारीची बाग पुन्हा उभी राहायला लागणाऱ्या वर्षांपुढे हे दुःख लहान आहे. पण मोफत खेळ, मोफत डेटा आणि मोफत शिक्षण या तिन्ही गोष्टी एकाच तारेवर टांगलेल्या होत्या, हे त्या तीन आठवड्यांत कळून चुकले.

यानंतरचा इतिहास मुख्यतः बंदीचा आहे. २०१८ साली आलेला 'पबजी मोबाइल' हाही विनामूल्यच होता. पैसे लागत ते पेहरावांना आणि शस्त्रांच्या सजावटीला. त्यावर बंदी घालावी म्हणून २०१९ च्या आरंभी एका अकरा वर्षांच्या मुलाच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली होती. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने त्यावर बंदी घातली, ती मात्र मुलांच्या हिताच्या नव्हे, तर राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने. जुलै २०२१ मध्ये तो नव्या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. ३० ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात' कार्यक्रमात पंतप्रधानांनी भारतात, भारतीय विषयांवर संगणकीय खेळ तयार करण्याचे आवाहन केले होते. खेळ भारतीय असावा, याची चर्चा त्यानंतर पुष्कळ झाली. खेळ उघडता यावा, याची झाली नाही.

दरम्यान लुडोलाही न्यायालयाची पायरी चढावी लागली. पैसे लावून लुडो खेळवणाऱ्या एका अॅपविरुद्ध २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली आणि लुडो हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा द्यूतपर्वाइतकाच जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांच्या प्रोत्साहनाचा व नियमनाचा कायदा संमत केला. २२ ऑगस्ट रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने कौशल्य आणि नशीब यांतील भेद बाजूला ठेवून पैसे लावून खेळले जाणारे सर्व ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरवले आणि ई-क्रीडा व ऑनलाइन सामाजिक खेळ यांना मान्यता दिली. सामाजिक खेळाला प्रवेशशुल्क असू शकते, पण पैजेचे स्वरूप असता कामा नये, अशी त्याची व्याख्या आहे.

जिंकण्याच्या आशेने लावलेला रुपया या व्याख्येत येतो. दोन डावांच्या मध्ये जाहिरात पाहण्यात गेलेली तीस सेकंदे, फोनने नोंदवलेले खेळणाऱ्याचे ठिकाण आणि त्याच्या सवयी यांचा हिशेब त्यात येत नाही. खैरातच्या लॅपटॉपवरील त्या कळेचा विचारही या कायद्याच्या कक्षेत नाही. 'मायक्रोपोलिस'ची संहिता मात्र आजही खुली आहे. ती उतरवून घ्यायला परवानगी लागत नाही, आणि आता रायगडमधील बहुतेक महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांत ती चालवण्याइतकी यंत्रे आहेत.